ताणकाटा

काजूबिया विकत घेतो त्या फोंडू पसरकाराकडून
मी ताणकाटा मागून आणला, एका रात्रीपुरता.
"चेडवाची बॅग?" त्याने विचारलं.
म्हटलं, तिचीच. या घरातून दुसरं जातंय कोण.

तेवीस किलो, तू म्हणालीस.
अकरा दिवसांनी माझ्याशी बोललीस
ते आकड्यात.
अकरा दिवसांपूर्वी मी म्हटलं होतं,
आयर्लंडात जाऊन परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालणार,
इथल्या काय मेल्या?
तू ताट उचललंस, मोरीत ठेवलंस,
नळ उगाचच बराच वेळ चालू ठेवलास.

वाशाला काटा, काट्याला बॅग.
बॅग स्वतःभोवती गरगरत राहिली,
तू त्या बाजूला, मी या बाजूला,
धरायला कुणीच हात पुढे करेना.
थांबली ती आपली आपण.
पंचवीस.

कुळथाचं पीठ काढ. काढलं.
आगळाची बाटली काढ. काढली.
सोलं काढ, तिथे मिळतात सगळं.
काढली.
तेवीसला काटा टेकला तेव्हा
तू हसलीस, माझ्याकडे नाही, काट्याकडे.

सुलक्षा, तुला सांगितलं नाही ते आता सांगते.
फोंडूचा काटा शून्याच्या दीड किलो खालून सुरू होतो.
तो अंगठ्याने झाकतो आणि आम्ही बायका
त्याच्या अंगठ्याकडे बघत नाही,
कारण केरीत बिया घेणारा तो एकटाच.
वीस वर्षं ठाऊक आहे मला.
तरी मी दुसऱ्या कुणाकडे गेले नाही.
आणि तू न्हाणीत गेल्यावर
सोलांची पिशवी निळ्या स्वेटरच्या बाहीत कोंबली.
तुझ्याबरोबर थोडं जास्त जावं म्हणून,
की तू दारातच अडावीस म्हणून,
ते मला विचारू नकोस.

मोपाला मला आत सोडेनात.
काचेतून दिसलीस, फरशीवर गुडघे टेकून,
बॅग उघडी, मागे रांग,
लोक आपापल्या ट्रॉल्या वळवून पुढे जात होते.
बाही हलवलीस तशी पिशवी फुटली,
सोलं पसरली काळी-जांभळी.
तू मान वर केलीस.
तीच नजर.
सोळाची होतीस, केस कापून आली होतीस,
केरीच्या बसस्टँडवर, सगळ्या गावासमोर,
मी हात उचलला होता.
ती चपराक मी कधी परत घेतली नाही.
तूही मागितली नाहीस.

मग शिपाई बाहेर आला, माझ्या हातात पिशवी दिली,
"मुलीने दिलीय."
मी ती मांडीवर घेऊन बसले, म्हापसा गेलं,
डिचोली गेली, साखळीला कंडक्टर म्हणाला,
मावशी, तिकीट दोनदा काढताय.
तेव्हा उघडली.
केस वाळवायचं मशीन. शाम्पू.
जाडजूड पुस्तक, नर्सिंगचं, तुझ्या अक्षरांनी भरलेलं.
आणि एक चप्पल. डावी.
सोलं नव्हती.
शिपायाने झाडून टाकली असतील, मी म्हटलं.
असतील.

चार दिवसांनी फोन आला.
"चप्पल तिथे राहिलीय का?"
"डावी."
"उजवी इथे आहे."
मागे कुणीतरी म्हातारी तिच्या भाषेत हाका मारत होती.
"जा," मी म्हटलं, "बोलावतायत."
टाकून दे, असं तू म्हणाली नाहीस,
टाकते, असं मीही.

काटा परत द्यायचा राहून गेला होता.
आज फोंडू दोनदा दारावरून गेला.
देण्याआधी, कुणी बघत नाही असं पाहून,
मी तुझी चप्पल आकड्याला अडकवली.
काटा हलला.
शून्यापर्यंत काही आला नाही.